गाडीची चावी सापडत नाही? घर उपसण्याआधी गाडीला विचारा

सकाळी पावणेआठला इंटरकॉम वाजायचा आणि सिक्युरिटी केबिनमधून ठरलेलं वाक्य ऐकू यायचं, "मॅडम, मागच्या गाडीवाल्यांना निघायचंय आणि पुढच्या गाडीची चावी बोर्डावर नाही."

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगचं काम गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. बेसमेंटमधल्या निम्म्या जागा एकामागे एक अशा आहेत, म्हणून चाव्या केबिनमधल्या बोर्डावर ठेवायची पद्धत होती. काही स्टॅकच्या आहेत, तिथे खालची गाडी काढल्याशिवाय वरची उतरत नाही. चावी एकाची हरवते आणि ऑफिस दोघांचं बुडतं. या सहा वर्षांत घरच्या दोन आणि शेजाऱ्यांच्या कितीतरी चाव्या शोधायला मी हातभार लावला आहे. दर वेळी तोच क्रम दिसतो: आधी घर उपसायचं, मग एकमेकांवर चिडायचं, मग घाईघाईत मिळेल त्या चावीवाल्याला बोलवायचं. आणि गाडी एकदा सुरू झाली की दुसरी चावी करून घ्यायचं राहून जातं. वर्षभरात त्याच घरातून पुन्हा फोन येतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

सगळ्यात आधी: आत मूल असेल तर

चावी आत, दारं लॉक आणि आत लहान मूल, असं असेल तर पुढचं काहीही वाचू नका. 112 किंवा अग्निशमनचा 101 लावा. उन्हात उभी असलेली बंद गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. मूल घामाघूम किंवा मलूल दिसलं तर कोणाचीही वाट न पाहता मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच फोडा. काचेच्या मध्यावर मारू नका, कोपऱ्याजवळ टोकदार, जड वस्तूने मारा. बाजूच्या काचेचे फुटून बारीक दाणे होतात. समोरची काच दोन थरांची असते आणि फुटली तरी जागेवरच राहते, तिच्यावर वेळ घालवू नका. काच दुसऱ्या दिवशी बसवून मिळते.

आठवू नका, पुरावा शोधा

"शेवटची कुठे ठेवली होती?" हा प्रश्न सगळे विचारतात आणि तो निरुपयोगी आहे. रोज त्याच टेबलावर चावी टाकणाऱ्या माणसाला कालचं ठेवणं आणि आजचं ठेवणं वेगळं आठवतच नाही. तो शपथेवर सांगतो, टेबलावरच होती. ती परवा होती.

त्याऐवजी विचारा, चावीशिवाय झालंच नसतं असं शेवटचं काम कोणतं? गाडी बंद करून लॉक केली, डिकी उघडून सामान काढलं, त्याच जुडग्यातल्या किल्लीने घराचं दार उघडलं. घराची किल्ली त्याच रिंगमध्ये असेल आणि दार तुम्हीच उघडलं असेल, तर चावी उंबऱ्याच्या आत आली आहे. मग बेसमेंटमध्ये बॅटरी मारत फिरण्यात अर्थ नाही. दार घरच्यांनी उघडलं असेल तर शोधायची हद्द गाडीपासून दारापर्यंत आहे: बेसमेंट, लिफ्ट, लॉबी आणि वाटेत जिथे थांबलात ती जागा.

गाडी लॉक आहे की नाही, हे आधी खाली जाऊन बघा. उघडी असेल तर चावी आतच असण्याची शक्यता मोठी. लॉक असेल तर बहुतेक वेळा चावी तुमच्याबरोबर बाहेर आली आहे. याला एक अपवाद आहे.  काही गाड्यांत पिशव्या काढताना चावी डिकीत ठेवली आणि झाकण आपटलं की डिकी लॉक. आमच्याकडे गणपतीच्या आदल्या दिवशी हमखास असा एक तरी फोन येतो. दोन्ही हात मखराच्या सामानात, चावी डिकीतल्या पुठ्ठ्यावर.

बटणस्टार्ट गाडी स्वतः सांगते

ही युक्ती फार कमी लोक वापरतात, म्हणून सविस्तर सांगते. बटणाने सुरू होणारी गाडी चावी जवळ आहे का, याचा शोध घेत असते. दाराच्या हँडलवरचं बटण दाबून दार उघडलं, तर चावी त्या दारापासून जेमतेम हातभर अंतरावर आहे. तुमच्याच खिशात, पर्समध्ये किंवा खांद्यावरच्या पिशवीच्या तळाशी. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीची चावी अशीच मिळाली. लॅपटॉप बॅगचं अस्तर फाटलं होतं आणि चावी अस्तराच्या मागे सरकली होती. ती तीन वेळा बॅग रिकामी करून बसली होती, पण बॅग खांद्याला लावून गाडीजवळ गेली तर दार उघडत होतं, बॅग खाली ठेवून गेली तर उघडत नव्हतं. पाच मिनिटांत निकाल लागला.

दुसरी चावी असेल तर आणखी एक चाचणी करता येते. दुसऱ्या चावीने गाडी उघडा आणि ती चावी कोणाच्या तरी हाती देऊन त्याला लांब, रॅम्पच्या टोकाला उभं करा. हे महत्त्वाचं आहे, नाहीतर गाडी त्या दुसऱ्या चावीलाच ओळखेल आणि तुमची फसगत होईल. मग आत बसून, ब्रेकवर पाय न ठेवता, स्टार्टचं बटण दाबा. डॅशबोर्ड उजळला तर हरवलेली चावी गाडीतच आहे. सीट आणि मधल्या कन्सोलच्या फटीत हात घाला, सीट पूर्ण पुढे घेऊन मागून रुळाखाली बघा, मुलांच्या कार सीटची गादी काढा, डिकीत स्टेपनीचं झाकण उचला. "चावी सापडत नाही" असा संदेश आला तर बहुतेक ती गाडीत नाही. बहुतेक अशासाठी म्हटलं की चावीतला सेल संपला असेल तर ती आत असूनही गाडीला कळत नाही.

सेल संपल्यामुळे "चावी बिघडली" म्हणून नवी करायला निघालेली माणसंही मी पाहिली आहेत. त्या चावीच्या पोटात एक साधी धातूची पात असते, छोटी कळ सरकवली की बाहेर येते. तिने ड्रायव्हरचं दार उघडतं. किल्लीचं छिद्र काही गाड्यांत हँडलच्या टोपणाखाली दडलेलं असतं. दार उघडल्यावर अलार्म वाजला तर घाबरू नका. चावीचा रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून तेच बटण दाबा, बहुतेक गाड्या सुरू होतात, कारण आतल्या चिपला सेल लागतच नाही. नंतर वाटेत घड्याळाच्या दुकानातून नवा सेल घ्या. नंबर जुन्या सेलवरच कोरलेला असतो, बहुधा 2032 किंवा 2025.

घरात आहे, पण कुठे

चावी "ठेवायच्या जागी" नसते तेव्हा ती दोन्ही हात भरलेले असताना जिथे टेकवली तिथे असते. म्हणून घरात शिरल्यावर पहिली तीन मिनिटं काय केलं ते करून बघा. चप्पल काढली, भाजीची पिशवी ओट्यावर टाकली, दूध फ्रिजमध्ये ठेवलं, हात धुतले. चपलांच्या रॅकवर, कोथिंबिरीच्या जुडीखाली, फ्रिजच्या दारात, बेसिनच्या कडेला, देवघराच्या कट्ट्यावर. पावसाळ्यात रेनकोटच्या आतल्या खिशात आणि छत्रीच्या घडीत. इस्त्रीला दिलेल्या कपड्यांत. आमच्या इस्त्रीवाल्या दादांकडे एक डबाच आहे, त्यात लोकांच्या चाव्या, पेन ड्राइव्ह आणि सुट्टे पैसे असतात. त्यांना विचारायला लाजू नका.

मुलं लहान असतील तर खेळण्यांचा डबा आणि सोफ्याच्या गाद्या. वडीलधारे असतील तर त्यांनी "नीट ठेवलेली" जागा, म्हणजे कपाटातला स्टीलचा डबा. विचारताना "तुम्ही कुठे टाकलीत?" असं नका म्हणू. आरोप ऐकला की माणूस आठवायचं सोडून बचाव करू लागतो.

वॉशिंग मशीनमधून निघालेली चावी टाकून देऊ नका. तिचा सेल लगेच काढा, कव्हर उघडा, मऊ कापडाने टिपा आणि सावलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवा. उन्हात नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको. रिमोटचं सर्किट गेलं तरी चिप बऱ्याचदा शाबूत राहते आणि गाडी सुरू होते.

गटाराच्या जाळीत पडली तर दोरीला चुंबक बांधून सोडा. किल्लीची पात पितळेची असेल तर तिला चुंबक धरत नाही, पण रिंग सहसा पोलादी असते, ती धरते. लिफ्ट आणि मजल्याच्या मधल्या फटीतून खाली गेली तर मात्र स्वतः काहीही करू नका. टॉवरमध्ये हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. लिफ्ट कंपनीचा माणूस लिफ्ट बंद करून खड्ड्यात उतरतो आणि काढून देतो. कोणी वॉचमनला उतरायला सांगत असेल तर त्याला थांबवा. लिफ्टच्या खड्ड्यात माणसं दगावली आहेत.

बाहेर पडली असेल तर

वाट उलटी चाला, पण ज्या ठिकाणी बसला होतात किंवा पैसे काढायला खिशात हात घातला होतात तिथेच थांबा. तलावपाळीच्या कठड्यावर, उपवनला चालून झाल्यावर बाकावर, नवी मुंबईत पाम बीच रोडच्या बाजूला फेरी मारताना चेन नसलेल्या ट्रॅक पँटच्या खिशातून चावी पडते. चालताना फारशी पडत नाही, बसताना पडते. जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा तुर्भ्याच्या मार्केटमध्ये असाल तर शेवटच्या तीन दुकानदारांना विचारा. गल्ल्याशेजारी ठेवलेली चावी ते बाजूला उचलून ठेवतात.

लोकलमध्ये किंवा स्टेशनवर राहिली असेल तर 139 वर फोन करा आणि रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीत सांगा. गाडीची वेळ, डबा, कुठल्या बाजूची खिडकी हे सांगितलंत तर पुढच्या स्टेशनावर बघता येतं. ठाणे-वाशी किंवा ठाणे-पनवेल गाडी शेवटच्या स्टेशनावरून तशीच परत फिरते, म्हणून पहिला अर्धा तास मोलाचा. ठाण्याच्या टीएमटी किंवा नवी मुंबईच्या एनएमएमटी बसमध्ये राहिली तर तिकिटावरचे तपशील घेऊन त्या मार्गाच्या डेपोत जा. सापडलेल्या वस्तू कंडक्टर तिथेच जमा करतात.

इंजिन चालू, चावी स्टेशनवर

आमच्या घरचा प्रसंग सांगते, कारण बटणस्टार्ट गाडी घेतलेल्या निम्म्या घरांत तो कधीतरी होतोच. सोमवारी सकाळी नवरा गाडी चालवत ठाणे स्टेशनपर्यंत आला, गाडी चालूच ठेवून उतरला, मी ड्रायव्हरच्या सीटवर सरकले आणि ऐरोलीला बहिणीकडे निघाले. डॅशबोर्डवर काहीतरी टिंग वाजलं, पण मागे रिक्षांचे हॉर्न चालू होते, मी लक्ष दिलं नाही. ऐरोलीला सेक्टरमध्ये गाडी लावली, बंद केली. पर्समध्ये हात घातला तर चावी नाही. चावी नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा तोवर दादरला.

अशी गाडी चावी लांब गेली तरी धावतच राहते. चालत्या रस्त्यात इंजिन बंद पडणं जास्त धोक्याचं, म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते. फक्त इशारा देते. एकदा बंद केली की मात्र चावी येईपर्यंत सुरू होत नाही, आणि लॉकही करता येत नाही. तुम्ही वाटेत असाल आणि हे लक्षात आलं तर गाडी बंद न करता सरळ चावीकडे परत या. बंद करून बसला असाल तर घरातली दुसरी चावी मागवा. माझा भाचा दुपारी घरून दुसरी चावी घेऊन आला तोपर्यंत मी उघड्या गाडीत बसून होते. तेव्हापासून ड्रायव्हर बदलताना आम्ही चावी हातात देतो आणि घेणारा "मिळाली" म्हणतो. मिळाल्याशिवाय दार लावायचं नाही.

नाहीच सापडली: आता चावी करायची

इथे एक फरक समजून घ्या, सगळा खर्च त्यावरच ठरतो. तुमच्याकडे एक चावी उरली आहे की एकही नाही? एक असेल तर काम सोपं, स्वस्त आणि तासाभराचं होऊ शकतं. एकही नसेल, चावीवाले ज्याला "ऑल की लॉस्ट" म्हणतात, तर किल्लीची पात नव्याने कापायची, गाडीच्या कॉम्प्युटरला नवी चिप ओळखायला लावायची आणि गाडी जिथे अडकली आहे तिथेच हे सगळं करायचं.

चिप म्हणजे काय ते थोडक्यात. गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांच्या चावीच्या प्लास्टिकमध्ये छोटी चिप असते. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला ताकद मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही तर इंजिन सुरू होत नाही, किंवा होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं, आणि डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहतं. यालाच इमोबिलायझर म्हणतात. म्हणून रस्त्यावर शंभर-दोनशे रुपयांत कापून घेतलेल्या साध्या किल्लीने दार उघडेल, गाडी निघणार नाही. ती किल्ली वाया जात नाही, आत अडकलेली चावी काढायला ती उपयोगी पडते. पण तिच्या भरवशावर लोणावळ्याला निघू नका.

गाडी टो करून न्यायचा विचार असेल तर आधी पार्किंग बघा. चावी नसल्याने स्टेअरिंग लॉक असतं, ऑटोमॅटिक असेल तर गिअर "पी"मध्ये अडकलेला असतो. चाकं फिरवत ओढून नेता येत नाही, गाडी पूर्ण उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रक लागतो. आणि तो ट्रक आपल्या टॉवरांच्या बेसमेंटमध्ये किंवा पोडियमवर शिरत नाही, उंचीच नसते. रोडसाइड असिस्टन्सला फोन करतानाच "बेसमेंट दोन, उंची कमी" हे सांगा. नाहीतर ट्रक गेटपर्यंत येतो आणि परत जातो. म्हणून अशा ठिकाणी चावीवाल्यालाच खाली आणावं लागतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी जुनी घेतलेली, चावी एकच, आणि ती बाजारात पडली. त्यांच्यासाठी आलेला चावीवाला मी दोन तास जवळून पाहिला. त्याने दाराच्या कुलपात कोरी पात घातली, हलक्या हाताने दोन्हीकडे वळवली, बाहेर काढून मोबाइलच्या उजेडात धरली. पितळेवर केसाएवढे चकचकीत ठिपके उमटले होते. बरोबर त्या ठिपक्यांवर कानस, तीनदा घासणं, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. असं चाळीसेक वेळा. मधेच म्हणाला, "ताई, घाई केली की पात आत तुटते. मग कुलूपच बदला." शेवटी कुलूप फिरलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मग लॅपटॉप जोडून चिपचं कोडिंग, म्हणजे गाडीला नवी चिप ओळखायला लावणं, वीस मिनिटांत. काकांना दोन चाव्यांचे मिळून 11,000 रुपये पडले. दुसरी त्यांना नको होती, मी आग्रहाने करायला लावली. एक चावी हाताशी असताना मी माझ्या जुन्या हॅचबॅकची चिपवाली डुप्लिकेट 3,500 रुपयांत करून घेतली होती. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, आणि बटणस्टार्टच्या चावीला याहून बरेच जास्त लागतात, पण प्रमाण असंच राहतं.

त्या माणसाने काम सुरू करण्याआधी आरसी आणि ओळखपत्र मागितलं, फोटो काढून ठेवला. मला तो तिथेच पटला. जो चावीवाला गाडी तुमची आहे का, हे विचारत नाही त्याच्याकडून चावी करून घेऊ नका. तो उद्या तुमच्या गाडीची चावी दुसऱ्या कोणालाही करून देईल. आरसी गाडीतच अडकली असेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली दाखवा.

काम द्यायच्या आधी एक प्रश्न जरूर विचारा: चिप क्लोन करणार की नवी नोंदवणार? क्लोन म्हणजे जुन्या चिपची हुबेहूब नक्कल. गाडीला दोन्ही एकच वाटतात. मग त्यातली एक हरवली तर ती वेगळी काढून टाकता येत नाही. नवी नोंदवलेली चावी गाडीच्या लेखी स्वतंत्र असते. थोडे पैसे जास्त गेले तरी मी नोंदवलेलीच घ्यायला सांगते.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून घ्यायची असेल तर वेळ धरून चाला. आरसी, मालकाचं ओळखपत्र आणि काही ठिकाणी पोलिसांतली नोंद मागतात, चासी नंबरवरून चावी मागवतात, ती येते आणि मग कोडिंगसाठी गाडी न्यावी लागते. जाताना घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या. अनेक गाड्यांत कोडिंग करताना जुनी यादी पुसून नवी लिहिली जाते, आणि त्या वेळी हजर नसलेली चावी बाद होते. एका शेजाऱ्यांची दुसरी चावी पुण्याला मुलाकडे होती. इथे कोडिंग झालं, आणि दिवाळीत मुलगा घरी आला तेव्हा त्याच्या चावीने गाडी हूं की चूं करेना. सेंटरवाल्यांनी आधी विचारलं नव्हतं आणि यांना माहीत नव्हतं. पुन्हा खेप, पुन्हा पैसे.

गाडी नवी घेतली तेव्हा चाव्यांच्या जुडग्याला एक छोटी धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी होती का, आठवतं? तिच्यावर नंबर असतो. तो चावीचा नंबर. तो असला तर मूळ चावी हातात नसतानाही पात कापता येते. लोक ती पट्टी की-चेन लावताना कचऱ्यात टाकतात. तुमच्याकडे असेल तर आज काढून गाडीच्या कागदांच्या फायलीत ठेवा. गाडीत नको.

चावी मिळाली म्हणून काम संपलं नाही

हरवलेली चावी कोणाच्या तरी हाती असू शकते. नवी करताना जुनीची नोंद गाडीतून खोडून घ्या, म्हणजे तिने इंजिन सुरू होणार नाही. तिच्या पातीने दार मात्र अजूनही उघडतं, त्यामुळे गाडीत लॅपटॉप किंवा कागदपत्रं ठेवू नका. चावीबरोबर आरसी, पाकीट किंवा घराचा पत्ता लिहिलेली की-चेन गेली असेल, तर कुलपांचा सेटच बदला आणि घराचं कुलूपही. की-चेनवर फ्लॅट नंबर लिहायची सवय आमच्या बोर्डामुळेच पडली होती. ती मी बंद केली. आता नुसता टोकन नंबर असतो.

पोलीस ठाण्यात चावी हरवल्याची नोंद करा आणि त्याची प्रत ठेवा. वस्तू हरवल्याची नोंद वेगळी आणि चोरीचा एफआयआर वेगळा. चावी चोरीला गेली असेल तर तसं स्पष्ट सांगा. हा कागद लागतो कशाला? उद्या गाडीच चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच देता आली तर दावा अडतो. हरवल्याची नोंद आणि नवीन चावीचं बिल दाखवता आलं तर बोलायला आधार राहतो. पॉलिसीत चावी बदलून देण्याचं कव्हर जोडलेलं आहे का, तेही बघा. असेल तर खर्च करण्याआधी कंपनीला कळवा. आधी बिल फाडून मग फोन केला की अडचण होते.

पुन्हा पुन्हा का हरवते

आमच्या सोसायटीतल्या चाव्या वाऱ्यावर जात नव्हत्या. एका चावीला चार हात लागत होते: नवरा, बायको, गाडी धुणारा आणि वॉचमन. प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याने ठेवली असेल. आम्ही केबिनमधला उघडा बोर्ड काढून कुलपाची पेटी बसवली आणि शेजारी वही ठेवली. चावी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची वेळ, सही. रात्रपाळीचा वॉचमन बदलताना पेटीतले टोकन मोजून सही करतो. सुरुवातीला लोक कुरकुरले. सहा महिन्यांत पावणेआठचे फोन जवळजवळ थांबले.

घरातही तेच. दाराशी एक खिळा, कमरेच्या उंचीवर, चप्पल काढतो त्याच बाजूला. सुंदर लाकडी की-होल्डर हॉलच्या दुसऱ्या भिंतीवर लावला तर तिथपर्यंत कोणी जात नाही. ब्लूटूथ टॅग लावायचा असेल तर एअरटॅग, जिओटॅग असं तुमच्या फोनशी जुळणारं घ्या. घरातल्या घरात आवाज काढून शोधायला तो उत्तम आहे. बेसमेंटमध्ये मात्र नकाशावर दिसणारी जागा जुनी असू शकते, त्यावर विसंबून बाहेर पळू नका.

जुनी गाडी घेत असाल तर व्यवहाराच्या वेळी दोन्ही चाव्या मागा आणि एकच मिळाली तर दुसरीचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. शिवाय गाडीत किती चाव्यांची नोंद आहे हे बऱ्याच गाड्यांत कोडिंगच्या मशीनवर दिसतं, तेही बघून घ्या. तीन दिसल्या आणि हातात एकच असेल तर बाकीच्या खोडून टाका.

आणि दुसरी चावी असेल तर ती कपाटात झोपवून ठेवू नका. दर तीन महिन्यांनी, विजेचं बिल किंवा सोसायटीचा मेंटेनन्स भरता त्या दिवशी, तिने गाडी एकदा उघडा आणि सुरू करून बघा. खणात पडून तिचा सेल उतरतो. आमच्या सोळाव्या मजल्यावरच्या काकूंनी परवा पहिल्यांदा दुसरी चावी काढली ती पहिली हरवल्यावर, आणि तिचा सेल फुगून कव्हरला चिकटलेला निघाला. पात वापरून दार उघडलं, रिमोट बटणाला टेकवला आणि गाडी सुरू झाली. पहिली चावी अजून सापडलेली नाही. मी त्यांना इस्त्रीवाल्या दादांकडे पाठवलं आहे.